दोन हातांवर दोन वेगळे आकडे : एका हातमोज्याच्या जोडीचा अभ्यास

लिसा ॲन आवरबाख या अमेरिकन कलावतीने २००५ मध्ये लोकरीच्या हातमोज्यांची एक जोडी विणली आणि तिला नाव दिलं ‘बॉडी काउंट मिटन्स’. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकत्र राहणारे, थंडीच्या देशातल्या प्रत्येक घरात असतात तसे साधे हातमोजे. प्रत्येक मोज्यावर एक आकडा विणलेला आहे. तो मोजा विणला त्या वेळेपर्यंत इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा तो आकडा. पहिला मोजा संपवून दुसरा हाती घेईपर्यंत आकडा वाढलेला होता, त्यामुळे जोडी असूनही दोन्ही हातांवरचे आकडे जुळत नाहीत.

एवढंच काम. ना रक्ताचा लाल डाग, ना घोषणा, ना कुणा राष्ट्राध्यक्षाचं नाव. तरीही विणकामातून राजकीय मजकूर मांडण्याचे जे प्रयत्न गेल्या चाळीस वर्षांत झाले, त्यात मला हे सगळ्यात नेमकं वाटतं. पुष्कळ कामांत लोकर हा फक्त फळा असतो. तोच मजकूर कापडावर छापला किंवा भिंतीवर रंगवला तरी अर्थ फारसा बदलत नाही. इथे तो बदलतो. हे हातमोजे छापून घेतले असते तर दोन्हींवर एकच आकडा आला असता आणि कामातला जीवच गेला असता.

आवरबाख मूळची छायाचित्रकार. शिक्षण संपलं तेव्हा कॉलेजची डार्करूमही हातची गेली. घरबसल्या, मोठी जागा किंवा महागडी यंत्रं न लागता करता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून ती विणकामाकडे वळली. ‘चीप ट्रिक’ या रॉक बँडचा गिटारवादक रिक नील्सन अंगात अक्षरं विणलेले स्वेटर घालायचा, ते तिच्या डोक्यात होतं. स्वेटर म्हणजे चालताबोलता फलक, ही कल्पना तिने तिथून उचलली. २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिने प्रचाराचे स्वेटर विणले, पुढे २००८ मध्ये ‘माझी ज्यू आजी ओबामांना मत देणार’ असं सांगणारा स्वेटरही केला. दोन निवडणुकांच्या मधे हे हातमोजे येतात. स्वेटरवरचं वाक्य मोठ्याने बोलतं. हातमोज्यांवरचा आकडा बोलत नाही, तो फक्त दिसतो, आणि पाहणाऱ्याला विचारावं लागतं की हे काय आहे.

आता त्या वेळची परिस्थिती. इराकवरचा हल्ला २० मार्च २००३ रोजी सुरू झाला. १ मे रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी विमानवाहू जहाजावर उभं राहून मुख्य लढाई संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतरच मृत्यूंची मालिका लांबत गेली. सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या मृत्यूंनी एक हजाराचा टप्पा ओलांडला, मार्च २००५ च्या सुरुवातीला दीड हजाराचा, आणि २५ ऑक्टोबर २००५ रोजी दोन हजारांचा. शेवटच्या पाचशेंचा हिशेब केला तर रोज दोनहून किंचित जास्त माणसं. संध्याकाळी दोन तास सुया हातात घेणारी बाई एक दोरंगी हातमोजा साधारण आठ-दहा दिवसांत पुरा करते. म्हणजे डावा आणि उजवा यांच्यातला फरक दोन-चारचा नसून पंधरा-वीसचा असायला हवा. तेवढे लोक त्या एका मोज्याच्या काळात गेले.

आणि हे सगळं बहुतेक न दिसता चाललं होतं. परदेशातून परत येणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांची छायाचित्रं घ्यायला अमेरिकेत १९९१ पासून बंदी होती, ती २००९ मध्ये उठली. एप्रिल २००४ मध्ये कुवेतहून निघालेल्या मालवाहू विमानात ध्वजात गुंडाळलेल्या पेट्यांच्या रांगा होत्या. तिथे काम करणाऱ्या एका कंत्राटी महिला कर्मचाऱ्याने त्याचा फोटो काढला, तो ‘सिॲटल टाइम्स’ने पहिल्या पानावर छापला, आणि तिची नोकरी गेली. चित्र दाखवायला मनाई असलेल्या त्या काळात लोकांपर्यंत पोचत होता तो फक्त आकडा. बातमीच्या खालच्या पट्टीतून सरकणारा, काल वाचलेला आज आठवत नाही असा. आवरबाखने तोच आकडा घेतला आणि जिथे तो सरकून जाऊ शकत नाही अशा ठिकाणी, टाक्याटाक्याने, बसवला.

हे ‘बसवणं’ म्हणजे काय, ते जरा जवळून पाहायला हवं. विणकाम न करणाऱ्यांना वाटतं की अक्षरं वरून भरतकामासारखी घातली असतील. तसं नसतं. दोन रंगांची लोकर एकाच वेळी हातात असते आणि प्रत्येक टाका कुठल्या रंगाचा, हे आधी ग्राफ पेपरवर ठरवलेलं असतं. एक चौकोन म्हणजे एक टाका. आकडा कापडाच्या अंगातच असतो, त्याला वेगळं करून काढता येत नाही.

साधारण बारीक लोकरीवर दहा सेंटिमीटरमध्ये २८ टाके आणि ३६ ओळी बसतात असं धरू. मोठ्या माणसाच्या हाताचा घेर वीस सेंटिमीटर, म्हणजे ५६ टाके. त्यातले निम्मे, २८, हाताच्या पाठीवर येतात. एक इंग्रजी अंक वाचता येईल असा काढायला पाच टाके रुंदी लागते. चार अंक म्हणजे वीस टाके, मधल्या तीन फटींचे तीन, एकूण तेवीस. हाताच्या पाठीवर व्यवस्थित मावतात, दोन्ही कडांना थोडी मोकळी जागाही राहते. उंचीचं गणित मात्र फसवं असतं. सुलट टाका हा चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. ग्राफवर पाच बाय सातचा देखणा अंक काढला तर विणल्यावर तो कुणीतरी वरून दाबल्यासारखा बसका दिसतो. म्हणून उंची नऊ ओळींपर्यंत न्यावी लागते.

खरी कसरत मागच्या बाजूला असते. ज्या रंगाची पाळी नाही तो धागा मागून नुसता ओढत न्यायचा असतो. पाच-सहा टाक्यांहून लांब ओढला तर मागे सैल फास तयार होतात आणि मोजा घालताना बोटं त्यात अडकतात. अंगठी असेल तर हमखास. त्यामुळे मधेच तो धागा दुसऱ्यात गुंतवून पकडावा लागतो. इंग्रजी ‘१’ हा वाचायला सगळ्यात सोपा अंक, पण विणायला त्रासाचा, कारण एकच उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना मोकळं रान. मार्च ते ऑक्टोबर २००५ या काळात पहिला अंक ‘१’ हाच होता. त्या काळात ज्यांनी ज्यांनी हे मोजे विणले त्या प्रत्येकीला त्या एका रेघेसाठी दर ओळीला मागचा धागा सांभाळावा लागला असणार.

आणखी एक गोष्ट हातात सुया असलेल्यालाच कळते. मनगटाची पट्टी विणून होईपर्यंत आकड्याचा प्रश्न येत नाही. पण आकड्याची पहिली ओळ सुरू करायच्या आधी तो कळलेला असावाच लागतो. म्हणजे त्या संध्याकाळी तो शोधायचा, ग्राफवर मांडायचा आणि मगच टाका घालायचा. पुढच्या नऊ ओळी विणताना तो आकडा हळूहळू पूर्ण होतो आणि तेवढ्यातच जुना होतो. विणकामात चूक झाली की उसवता येतं, हे या कलेचं मोठं सुख. इथे उसवायचं नाही. बातमी आली तरी विणलेलं तसंच ठेवायचं आणि वाढलेला आकडा दुसऱ्या हातावर घ्यायचा. आवरबाखच्या कामातला सगळ्यात धाडसी निर्णय मला हाच वाटतो. आकडा अचूक ठेवण्याचा आव तिने आणला नाही, तो मागे पडतो आहे हेच दाखवलं. दोन हातमोज्यांच्या मधलं अंतर म्हणजे हे युद्ध, एवढं साधं विधान तिने केलं, आणि ते करायला विणकामाइतकं संथ माध्यमच हवं होतं.

हातमोजाच का, यालाही कारण आहे. पहिल्या महायुद्धात आणि दुसऱ्यातही अमेरिकन रेड क्रॉसने घराघरांतल्या बायकामुलांना सैनिकांसाठी मोजे, मफलर, कानटोप्या विणायला सांगितलं होतं. ‘तुमच्या वाट्याचं विणा’ असा त्या मोहिमेचा सूर. बंदुकीचा चाप ओढता यावा म्हणून तर्जनी मोकळी ठेवलेले खास हातमोजेही त्या काळच्या नमुन्यांत सापडतात. विणणारी घरी, घालणारा आघाडीवर. युद्धाला ऊब पुरवणं हे विणकामाचं ठरलेलं काम होतं. आवरबाखने तीच वस्तू घेतली, पण ती आघाडीवर पाठवण्यासाठी नाही. ती घरी राहिलेल्यांनी घालायची, बसच्या दांडीला धरलेल्या हातावर शेजारच्याला वाचता यावी म्हणून. आपल्याकडे लोकर आणि सुया बाहेर निघतात त्या बहुधा बाळंतविड्यासाठी. येणाऱ्या जिवाच्या टोपड्यामोज्यांचे टाके मोजायची सवय असलेल्या हातांना गेलेल्यांची मोजदाद विणणं किती जड जात असेल, ते वेगळं सांगायला नको.

तिने हा नमुना मोफत उपलब्ध करून दिला. कुणीही घ्यावा, आपल्या दिवसाचा आकडा शोधावा आणि विणावा. त्यामुळे एक जोडी म्हणजे एक कलाकृती, हे समीकरण राहिलं नाही. प्रत्येक नवी जोडी आधीच्या जोडीपुढचा आकडा घेऊन येणार. संग्रहालयातली मूळ जोडी खरी आणि बाकीच्या नकला, असं म्हणायची सोयच उरत नाही. उलट उशिरा विणलेली जोडी जास्त सांगते.

जानेवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइन’मध्ये लेस आणि विणकामाच्या बंडखोर वापरावर मोठं प्रदर्शन भरलं. त्यात सब्रीना ग्श्वान्टनर हिने युद्धकाळात विणण्यासाठी एक बैठकच मांडली होती. युद्ध आणि विणकाम यांच्या इतिहासातली छायाचित्रं यंत्रावर विणून केलेली पांघरुणं भोवती, मधे टेबल-खुर्च्या, लोकर आणि सुया. येणाऱ्यांनी बसायचं आणि विणायचं. विणण्यासाठी दिलेल्या नमुन्यांत आवरबाखचे हातमोजे होते, तसेच कॅट मॅझा या कलावतीने अमेरिकेच्या सिनेटर्सना पाठवण्यासाठी मांडलेल्या, शिरस्त्राणाखाली घालायच्या टोपीचा नमुनाही होता. प्रदर्शन उघडलं त्या महिन्याच्या पहिल्याच दिवसांत मृतांचा आकडा तीन हजारांवर गेल्याच्या बातम्या होत्या आणि बुश यांनी आणखी सैन्य पाठवायची घोषणा केली होती. म्हणजे त्या टेबलावर बसणाऱ्याला पहिला अंक ‘३’ काढावा लागला असणार. दोन वर्षांपूर्वीच्या नमुन्यातली सरळ रेघ वळणदार झाली होती.

अशा बैठकीचा राजकीय उपयोग काय, असं विचारणारे भेटतात. मोर्चाने सरकार हलतं, लोकरीने काय हलणार? मला हा प्रश्न चुकीच्या जागी वाटतो. शेजारी बसून विणणाऱ्या दोन बायकांपैकी एकीचा मुलगा सैन्यात असू शकतो आणि दुसरी युद्धविरोधी असू शकते. दोघींनाही आकडा एकच विणायचा असतो, आणि तो विणायला दोन तास एकत्र बसावं लागतं. मोर्चात ही दोन माणसं समोरासमोर येतात, शेजारी बसत नाहीत. तुलनेसाठी डेन्मार्कचं उदाहरण घ्या. एप्रिल २००६ मध्ये मारियान योर्गेनसेन हिने कोपनहेगनमध्ये दुसऱ्या महायुद्धातला एक रणगाडा चार हजारांहून अधिक गुलाबी विणलेल्या चौकोनांनी झाकला. डेन्मार्क इराकयुद्धात उतरल्याचा तो निषेध होता. जगभरच्या विणणाऱ्यांनी चौकोन पाठवले होते, आणि ते दृश्य विलक्षण होतं यात शंका नाही. पण तो रणगाडा छायाचित्रात एका क्षणात कळतो. हातमोजे कळायला आकडा वाचावा लागतो, मग दुसरा वाचावा लागतो, मग वजाबाकी करावी लागते. ही वजाबाकी पाहणाऱ्याच्या डोक्यात होते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

या कामावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळू नये. मोजले गेले ते फक्त अमेरिकन. इराकी माणसांच्या मृत्यूंची मोजदाद अमेरिकन सैन्य नियमितपणे लोकांसमोर ठेवत नव्हतं. ‘इराक बॉडी काउंट’ नावाच्या स्वतंत्र प्रकल्पाने बातम्या आणि इतर नोंदी गोळा करून हिंसाचारात मेलेल्या नागरिकांची यादी ठेवली. अमेरिकन सैन्य डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडलं तोपर्यंत ती एक लाखाच्या पुढे गेली होती. आता मघाचं गणित पुन्हा करा. सहा अंक म्हणजे तीस टाके, पाच फटी, एकूण पस्तीस. हाताच्या पाठीवर टाके आहेत अठ्ठावीस. हा आकडा तिथे मावत नाही. तो विणायचा तर हाताला वळसा घालून तळव्यावर न्यावा लागेल, आणि मग एका नजरेत तो वाचताच येणार नाही.

आवरबाखने आपल्या देशापुढे आपल्या देशाच्या सरकारचा हिशेब ठेवला, त्यासाठी आपल्याच माणसांचा आकडा निवडला. जे अमेरिकन मृत्यूही पाहायला तयार नव्हते त्यांना आधी ते दाखवणं, ही त्यामागची निवड समजण्यासारखी आहे. तरी हातमोज्याच्या मापाने ठरवलेली ही मर्यादा आहे, आणि ती कामाचा भाग म्हणूनच वाचली पाहिजे. कोणाचा मृत्यू चार अंकांत बसतो आणि कोणाचा बसत नाही, हे त्या मापातच लिहिलेलं आहे.

मराठी वाचकाला इराक आणि आकडा हे दोन शब्द एकत्र आले की बसरा आठवायला हवं, पण ते सहसा आठवत नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, इंग्रजांनी पाठवलेली सहावी तुकडी ‘पूना डिव्हिजन’ या नावाने ओळखली जायची. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी या सैन्याने शरणागती पत्करली, आणि कैदेत असंख्य शिपाई मेले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशांचं स्मारक बसऱ्याला उभं राहिलं, चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली किती गेले तो आकडा. अशी स्मारकं आणि कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

आपल्या गावांतही हेच आहे. सातारा, रत्नागिरी या बाजूच्या कित्येक गावांत संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा जोडला गेला, तिथे हा आकडा ४६ सांगतात.

दगडावरचा आकडा हिशेब मिटल्याचं सांगतो. लोकरीवरचा तसं सांगत नाही, कारण दुसऱ्या हातावर वेगळा आकडा आहे. या दोहोंत हा मोठा फरक असला तरी नाव दोन्हीकडे नाही. आवरबाखच्या मोज्यांकडे बघून आपल्याकडे कुणाला असं काही विणावंसं वाटलं, तर मी म्हणेन आकड्याकडे जाऊच नका. आकडा आपल्याला शंभर वर्षं मिळालेला आहे. नावं विणा.

ते जमण्यासारखं आहे. देवनागरी विणताना शिरोरेषेची एक ओळ, अक्षराच्या अंगाला आठ ओळी, वर वेलांटी-मात्रांना तीन, खाली उकाराला तीन, म्हणजे पंधरा ओळी लागतात. पुढच्या नावाआधी तीन ओळी मोकळ्या सोडायच्या. चार अक्षरी नावाला तीसेक टाके रुंदी हवी, म्हणजे हातमोज्याची पाठ इथेही अपुरीच. मफलर घ्यावा लागेल. शिरोरेषा सलग एकाच रंगात जाते, त्यामुळे त्या ओळीला मागचा धागा लांबवर पकडत न्यावा लागतो, आणि ‘क्ष’ किंवा ‘त्र’ असलेलं नाव आलं तर ग्राफ दोनदा काढायची तयारी ठेवावी. जरा जाड लोकरीवर दहा सेंटिमीटरला तीस ओळी धरल्या तर एका नावाला सहा सेंटिमीटर. शेहेचाळीस नावांचा मफलर पावणेतीन मीटरच्या आसपास भरतो. एका माणसाला दोन-तीन महिन्यांत होईल, गावातल्या चार-पाच जणींनी वाटून घेतला तर त्याहून लवकर. नावं मात्र आधी मिळवावी लागतील : पलटणीच्या नोंदींतून, आयोगाच्या नोंदवह्यांतून, आणि ज्या घरांत अजून जुन्या पेन्शनचे कागद पत्र्याच्या पेटीत आहेत त्या घरांतून.